कोणती पेशी बाळ होणार आणि कोणती वार? भ्रूणाच्या पहिल्या आठवड्याबद्दल

शंखपुष्पी

उंदराचं आठ पेशींचं भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सुटंसुटं दिसतं. आठ गोल पेशी, प्रत्येकीची कड वेगळी ओळखता येते. तेच भ्रूण काही तासांनी पाहिलं तर कडा पुसट झालेल्या असतात. पेशी एकमेकींना अशा काही चिकटतात की एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते सांगणं अवघड होतं. याला कॉम्पॅक्शन म्हणतात. सस्तन प्राण्यांच्या वाढीतली मला सगळ्यात भावलेली पायरी हीच. तोवर आठही पेशी जवळपास बरोबरीच्या असतात, आणि त्यांच्या वाटा वेगळ्या व्हायला लागतात त्या इथून पुढे.

फलन झालं की लगेच बाळ घडायला लागतं, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात भ्रूणाची बहुतेक मेहनत वारेच्या (प्लॅसेंटाच्या) तयारीवर खर्च होते. माणसाचं भ्रूण पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट होतं, म्हणजे द्रवाने भरलेली पोकळी असलेला, शंभरेक पेशींचा एक गोळा. त्याच्या बाहेरच्या थराला ट्रोफेक्टोडर्म म्हणतात. पुढे वार बनते ती मुख्यतः त्याच्यापासून. आत एका बाजूला पेशींचा लहानसा पुंजका असतो. त्याचेही लवकरच दोन भाग पडतात. एक एपिब्लास्ट, ज्यापासून बाळाचं सगळं शरीर बनतं, आणि दुसरा हायपोब्लास्ट, ज्यातून योक सॅक या भ्रूणालगतच्या पिशवीचं अस्तर तयार होतं. आज ज्या हातांनी आपण टंकतोय त्यांचा माग काढत मागे गेलं तर त्या आतल्या मोजक्या पेशींपाशी पोचतो.

थोडक्यात, पहिल्या आठवड्यात दोन मोठे निर्णय होतात. आधी बाहेरची की आतली, आणि मग आतल्यांमध्ये एपिब्लास्ट की हायपोब्लास्ट. हे ठरतं कसं? पेशीच्या नशिबी काय आहे हे जन्मतःच लिहिलेलं असतं, की ती कुठे येऊन पडली यावरून ठरतं?

उंदरात या प्रश्नाला ठोस हात घातला तो पोलंडच्या आंद्झेई तारकोव्स्की यांनी. १९५९ साली त्यांनी उंदराच्या दोन पेशींच्या भ्रूणातली एक पेशी सुईने मारून टाकली आणि उरलेलं अर्धं भ्रूण मादीच्या शरीरात सोडलं. त्यातून पूर्ण, धडधाकट उंदीर जन्माला आले. अर्धा उंदीर नव्हे, पूर्ण. १९६१ मध्ये त्यांनी उलटा प्रयोग केला. दोन वेगळी भ्रूणं एकत्र चिकटवली, तर त्यातून एकच उंदीर झाला, त्याचा आकारही नेहमीएवढाच. कोणत्या पेशीने काय व्हायचं हे आधीच ठरलेलं असतं, तर या दोन्ही गोष्टी घडल्या नसत्या.

१९६७ मध्ये तारकोव्स्की आणि योआन्ना व्रुब्लेव्स्का यांनी एक साधी कल्पना मांडली. बाहेर राहिलेली पेशी ट्रोफेक्टोडर्म होते, चहूबाजूंनी वेढली गेलेली आतली होते, म्हणजे जागा ठरवेल ते नशीब. १९७२ मध्ये खुणा केलेल्या पेशी दुसऱ्या भ्रूणाच्या बाहेरच्या बाजूला लावून पाहिल्या, तर त्या बहुतांशी वारेकडे गेल्या. दुसऱ्या पेशींनी वेढून आत ठेवल्या, तर आतल्या पुंजक्याकडे.

माझं स्वतःचं मत असं की जागा हा या गोष्टीचा गाभाच आहे. पण एवढ्याने गोष्ट संपत नाही. प्रश्न विचारा, पुढचं त्या ओघात बोलू.

रानपाखरू

सुंदर धागा. वाचताना पहिला प्रश्न हाच आला की आपण बाहेर आहोत हे पेशीला कळतं कसं? बाहेरच्या पेशीलाही शेजारणी असतातच की. आतलीला चार जास्त असतील, एवढंच. तेवढ्या फरकावर ती स्वतःचं आयुष्य ठरवते?

शंखपुष्पी

@रानपाखरू, हो, जवळजवळ तेवढ्याच फरकावर. फक्त शेजारणी किती आहेत हे ती मोजत नाही. आपल्या अंगाचा एखादा भाग कुणालाच टेकलेला नाही, हे तिला जाणवतं.

आठ पेशींच्या अवस्थेत प्रत्येक पेशीला दिशा येते. शेजारणींना चिकटलेली बाजू वेगळी आणि बाहेर उघडी असलेली बाजू वेगळी. उघड्या बाजूवर बारीक केसांसारख्या उंचवट्यांचा एक गोल पट्टा तयार होतो आणि तिथे पार६, एपीकेसी अशी प्रथिनं गोळा होतात. याला अग्रभाग म्हणू या. केंब्रिजच्या मार्टिन जॉन्सन आणि कॅरोल झिओमेक यांनी १९८१ मध्ये हे दाखवलं आणि त्यावरून जागेच्या कल्पनेत एक मोठी सुधारणा सुचवली. पेशी दुभागते तेव्हा हा अग्रभाग कुणाच्या वाट्याला जातो, यावर बरंच अवलंबून असतं. तो जिच्याकडे जातो ती बाहेरची व्हायची शक्यता जास्त. जिला मिळत नाही ती आत सरकते.

आता आतली यंत्रणा. पेशीत हिप्पो नावाची एक संदेशसाखळी असते. ती चालू असली की याप नावाचं प्रथिन पेशीद्रवातच अडकून राहतं. बंद असली की याप केंद्रकात शिरतं, टीईएडी४ या प्रथिनाशी जोडी जमवतं आणि सीडीएक्स२ हे जनुक चालू करतं. सीडीएक्स२ म्हणजे ट्रोफेक्टोडर्मचं कारभारी जनुक. ही साखळी चालू करायला अँजिओमोटिन नावाचं प्रथिन लागतं, आणि कळीची गोष्ट अशी की ज्या पेशीला अग्रभाग असतो तिथे हे प्रथिन त्या अग्रभागापाशीच खिळून राहतं. ते शेजारणींशी जोडलेल्या बाजूला पोचतच नाही, म्हणून हिप्पो बंद राहतो. आतल्या पेशीला अग्रभाग नसतो, अँजिओमोटिन सगळ्या जोडांवर पसरतं, हिप्पो चालू होतो आणि याप केंद्रकाबाहेरच अडकतं. जपानमधल्या हिरोशी सासाकी यांच्या गटाने २००९ मध्ये यापचा हा भाग उलगडला.

म्हणजे पेशीचा आकार आणि तिचा शेजार, या अगदी शारीरिक गोष्टी, दोन-तीन प्रथिनांच्या हालचालीतून थेट केंद्रकातल्या जनुकापर्यंत पोचतात. यात वरून हुकूम सोडणारं कुणीही नाही.

अर्धविराम

यात बलाचा भाग राहिला, तो जोडतो. माझा विषय भौतिकशास्त्र, त्यामुळे माझी नजर तिकडेच जाते.

पेशीच्या सालीखाली अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचं जाळं असतं आणि ते सतत आकुंचन पावत असतं. कॉम्पॅक्शनच्या वेळी पेशी एकमेकींकडे ओढल्या जातात त्या या ताणामुळे. जोडावर चिकटवणारं ई-कॅडहेरिन लागतंच, पण जोर येतो तो बाहेरच्या पृष्ठभागावरच्या ताणातून. झां-लिऑन मेत्र आणि ताकाशी हिरागी यांच्या गटाने २०१५ मध्ये अगदी बारीक काचनळीने पेशी हलकेच ओढून हा ताण मोजला. २०१६ मध्ये त्यांनी पुढची पायरी दाखवली. अग्रभाग मिळालेल्या पेशीत हा ताण कमी असतो, न मिळालेलीत जास्त. जास्त ताण असलेली पेशी गोल होत होत आत ओढली जाते. एकाच पेशीचा वारसा तिच्या दोन लेकींना असमान मिळाला की एक आत आणि एक बाहेर. मग जागा आधी की नशीब आधी, हा प्रश्नच थोडा फसवा ठरतो. दोन्ही एकाच अग्रभागातून निघतात.

पोकळी कशी बनते तेही अफलातून आहे. बाहेरच्या पेशी सोडियम आत पंप करतात, त्याच्यामागे पाणी येतं. पाण्याला जायला जागा नसते म्हणून ते पेशींच्या जोडांमध्येच घुसतं आणि शेकडो सूक्ष्म थेंबांनी जोड उसवतात. मग लहान थेंबांतलं पाणी मोठ्यांत जातं आणि शेवटी एकच पोकळी उरते. २०१९ मध्ये हे कॅमेऱ्यात टिपलं गेलं.

त्रिज्या

शंखपुष्पी, तुमचं लेखन आवडलं, पण एका मुद्द्यावर माझी ठाम असहमती आहे. आठ पेशींपर्यंत सगळ्या बरोबरीच्या, हे चित्र आता टिकत नाही.

मारिया-एलेना तोरेस-पादिया आणि माग्दालेना झेर्निका-गेट्झ यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं की उंदराच्या चार पेशींच्या अवस्थेतच हिस्टोन (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या) प्रथिनांवरच्या एका रासायनिक खुणेचं प्रमाण चारही पेशींत सारखं नसतं. ती खूण करणारं एन्झाइम सीएआरएम१. ते एखाद्या पेशीत मुद्दाम वाढवलं तर तिची संतती आतल्या पुंजक्याकडे जास्त जाते. २०१६ मध्ये आणखी दोन शोधनिबंधांनी चार पेशींमधला फरक वेगवेगळ्या अंगांनी दाखवला. एकीकडे एसओएक्स२ हे प्रथिन डीएनएवर किती काळ टिकून राहतं यात पेशीपेशींत फरक मिळाला, तर दुसरीकडे एसओएक्स२१च्या प्रमाणात.

तारकोव्स्कींचा प्रयोग काय सांगतो? उरलेली पेशी गरज पडल्यास सगळं करू शकते. पण कुणी न छेडता ती काय करते, हा प्रश्न वेगळा आहे. शक्यता आणि नेहमीचं वागणं यांत गल्लत होतेय, असं मला वाटतं.

शंखपुष्पी

@त्रिज्या, शेवटचं वाक्य पूर्ण मान्य. पेशीला काय जमतं आणि ती एरवी काय करते, हे दोन प्रश्न वेगळेच ठेवायला हवेत.

बाकीच्याबद्दल माझं म्हणणं असं. चार पेशींत मोजता येणारे फरक आहेत, यावर आता फारसा वाद नाही. वाद आहे तो त्या फरकांना वजन किती द्यायचं यावर. दोन-चार पेशींपासून खूण करून पुढचा वंश पाहणाऱ्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांची उत्तरं जुळली नाहीत. काहींना कल स्पष्ट दिसला, काहींना पेशी यदृच्छया विखुरलेल्या दिसल्या. हिरागी आणि डाव्होर सोल्टर यांनी २००४ मध्ये तर ब्लास्टोसिस्टचा अक्ष फलित बीजांडात आधीच ठरलेला असतो या कल्पनेलाच आव्हान दिलं. कल असेल, तरी तो पुसता येणारा आहे. आणि पुसणारी गोष्ट म्हणजे पुन्हा जागा आणि शेजार.

हिरागींच्याच गटाचा २०१७चा एक प्रयोग मला निर्णायक वाटतो. त्यांनी एका पेशीचा अग्रभाग काढून तो अग्रभाग नसलेल्या दुसऱ्या पेशीवर बसवला, आणि ती पेशी ट्रोफेक्टोडर्मच्या वाटेला लागली. तिचा आधीचा इतिहास तोच होता, फक्त अग्रभाग नवा मिळाला.

त्रिज्या

प्रयोग उत्तमच आहे. पण तो अग्रभाग पुरेसा आहे एवढंच सिद्ध करतो. कोणत्या पेशीला तो मोठा मिळणार किंवा तिची विभागणी कोणत्या दिशेने होणार, हे आधीच्या फरकांवरून ठरत असेल तर? माझा मुद्दा तिथे उभाच राहतो. आणि माणसाचं काय? २०२४ मध्ये सेल या नियतकालिकात मानवी भ्रूणांवरचं काम आलं. त्यात एपिब्लास्टच्या बहुतेक पेशी पहिल्या दोन पेशींपैकी एकाच पेशीच्या वंशातल्या निघाल्या.

अर्धविराम

त्या शोधनिबंधाकडे मी तुमच्या दोघांच्याही बाजूने पाहतो.

त्यातली महत्त्वाची नोंद अशी की मानवी भ्रूण आठ पेशींवरून सोळावर जाताना फक्त एक ते तीन पेशी आत जातात. आणि दोनपैकी जी पेशी आधी दुभागली तिच्या वंशातल्या पेशी आत जाण्याचं प्रमाण जास्त असतं. आता एका डब्यात अर्ध्या लाल आणि अर्ध्या निळ्या चिठ्ठ्या आहेत आणि आपण त्यातून जेमतेम दोन-तीन उचलतो, असं समजा. दोन्ही रंग समसमान यायची शक्यता मुळातच कमी. बहुतेक वेळा एक रंग जास्त येणार, त्या चिठ्ठ्यांत मुळात काहीही फरक नसला तरी. म्हणजे असमान वाटा दिसला म्हणून पेशींच्या गुणात फरक होताच, असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. त्यातून एखादी पेशी थोडी आधी दुभागली तर पारडं आणखी झुकतं. इथे त्रिज्यांचा कल पण आहे आणि शंखपुष्पींची यदृच्छाही.

याला प्रौढ माणसांच्या शरीरातूनही पुरावा आहे. पेशी दुभागताना डीएनएत अधूनमधून बारीक चुका होतात. अगदी पहिल्या विभागणीच्या वेळी झालेली चूक पुढच्या सगळ्या संततीत उतरते. प्रौढ व्यक्तीच्या वेगवेगळ्या अवयवांतल्या पेशींत अशा खुणा शोधून पहिल्या दोन पेशींचा शरीरातला वाटा काढता येतो. २०२१ मध्ये नेचरमध्ये आलेल्या कामांत हा वाटा अनेकांत निम्मा-निम्मा नव्हता. काहींत एकीचा वाटा दुसरीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त होता, आणि तो माणसागणिक बदलत होता. पेशींचा गुण आधीच पक्का ठरलेला असता, तर एवढा बदल माणसामाणसांत दिसला नसता, असं मला वाटतं.

त्रिज्या

चिठ्ठ्यांचा युक्तिवाद पटला. कोणती पेशी आधी दुभागते आणि का, हे कळलं की यावर पुन्हा भांडू. :)

सोनसळी

वाचनमात्र होते, पण आता राहवत नाही. माझी जुळी मुलं आहेत, दिसायला हुबेहूब. प्रसूतीच्या वेळी वारा दोन निघाल्या म्हणून तेव्हा आम्हाला सांगितलं गेलं की ही समरूप जुळी नाहीत. पुढे डीएनए चाचणी केली तर समरूपच निघाली. तुमच्या या पहिल्या आठवड्याच्या गोष्टीत याचं उत्तर आहे का?

शंखपुष्पी

@सोनसळी, नेमकं उत्तर आहे, आणि ते प्रत्येक गर्भवतीला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

समरूप जुळी एकाच फलित बीजांडातून होतात. पण भ्रूण दुभागलं कधी, यावर वारा किती हे अवलंबून असतं. पाठ्यपुस्तकातली मांडणी अशी. पहिल्या तीनेक दिवसांत, म्हणजे ट्रोफेक्टोडर्म वेगळं व्हायच्या आधी दुभागलं, तर दोन्ही भाग आपापलं ट्रोफेक्टोडर्म बनवतात. वारा दोन, पिशव्या दोन. तुमच्या मुलांचं बहुधा हेच झालं. चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान दुभागलं, तर बाहेरचा थर एकच राहतो आणि आतला पुंजका वाटला जातो. वार एक, पण आतल्या पाण्याच्या पिशव्या दोन. त्याहूनही उशिरा, तेराव्या दिवसापर्यंत दुभागलं, तर वारही एक आणि पिशवीही एक. अगदी उशीर झाला तर विभागणी अपुरी राहते आणि सयामी जुळी होतात.

समरूप जुळ्यांतली साधारण ७० टक्के एकाच वारेची असतात. म्हणजे उरलेल्या साधारण ३० टक्क्यांत वारा दोन असतात. म्हणून दोन वारा म्हणजे समरूप नाहीत, हे विधान चूक आहे. उलट बाजूने, वेगळ्या बीजांडांतून झालेल्या जुळ्यांच्या वारा शेजारी रुजल्या तर चिकटून एकच असल्यासारख्या दिसू शकतात. वार एक आहे की दोन, हे पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीत बघून घ्यायला हवं. एकाच वारेच्या जुळ्यांत रक्तपुरवठा असमान होण्याचा धोका असतो, त्यामुळे त्यांची तपासणी जास्त वेळा करावी लागते.

पेट्रीडिश

मी आयव्हीएफच्या लॅबमध्ये भ्रूणांचं काम बघते. धागा आमच्या रोजच्या कामाशी इतका जोडलेला आहे की थोडं लिहिते.

रिपोर्टवर ४एए, ३बीबी असं लिहिलेलं असतं, ते हेच. आकडा म्हणजे ब्लास्टोसिस्ट किती फुगलंय आणि आवरणातून बाहेर पडायला लागलंय का, १ ते ६. पहिलं अक्षर आतल्या पुंजक्याचं, दुसरं ट्रोफेक्टोडर्मचं. चांगला पुंजका म्हणजे पेशी भरपूर आणि घट्ट बांधलेल्या. चांगलं ट्रोफेक्टोडर्म म्हणजे अनेक पेशींचा सलग, एकसंध थर. मोठ्या मोठ्या चार-सहा पेशी ताणून बसलेल्या दिसल्या की अक्षर खाली येतं.

गुणसूत्रांच्या तपासणीसाठी नमुना घेतो तो ट्रोफेक्टोडर्ममधून. भ्रूण धरून ठेवायची नळी एका बाजूला, दुसरीकडून बारीक नळीने पाच ते दहा पेशी ओढायच्या आणि लेझरच्या झोताने जोड सोडवायचा. आतल्या पुंजक्याला हात लावायचा नाही. पूर्वी तिसऱ्या दिवशी आठ पेशींतली एक काढायचे. त्या भ्रूणांचं रुजण्याचं प्रमाण घटतं असं २०१३च्या एका चाचणीत दिसलं. ट्रोफेक्टोडर्मच्या नमुन्याने तसं घटलं नाही.

आता खरी अडचण. नमुना वारेच्या बाजूचा आणि प्रश्न बाळाचा. काही पेशींत गुणसूत्रं बरोबर आणि काहींत चूक असं मिश्र भ्रूण असेल, तर नमुना आतल्या पुंजक्याबद्दल खात्रीने सांगू शकत नाही. २०१५ मध्ये अशी मिश्र भ्रूणं १८ स्त्रियांत सोडल्याचा अहवाल आला, त्यातल्या ६ जणींना निरोगी बाळं झाली. रिपोर्टमध्ये मिश्र लिहिलं म्हणून भ्रूण लगेच टाकून देऊ नका, आधी जेनेटिक काउन्सेलरशी सविस्तर बोला, असं मी जोडप्यांना आवर्जून सांगते.

रानपाखरू

पेट्रीडिश, हे फार कामाचं लिहिलंत. पण मग त्या चुकीच्या पेशी जातात कुठे?

शंखपुष्पी

@रानपाखरू, उंदरात याचा थेट प्रयोग झाला आहे. निरोगी पेशी आणि गुणसूत्रं बिघडलेल्या पेशी एकत्र करून भ्रूण बनवलं. २०१६च्या त्या कामात दिसलं की आतल्या पुंजक्यातल्या बिघडलेल्या पेशी मरून जातात. ट्रोफेक्टोडर्ममध्ये त्या मरत नाहीत, पण हळू वाढतात. बाळाच्या बाजूची निवड जास्त कडक म्हणायची.

यानिमित्ताने दुसऱ्या निर्णयाबद्दल लिहिते, तो राहूनच गेला होता. आतला पुंजका सुरुवातीला एकसारखा असतो. प्रत्येक पेशीत एनएएनओजी आणि जीएटीए६ ही दोन्ही प्रथिनं असतात, आणि ती एकमेकांना दाबायचा प्रयत्न करतात. मग कुठल्यातरी पेशीत एनएएनओजी जरा वरचढ होतं. ती पेशी एफजीएफ४ हा संदेश बाहेर सोडायला लागते. शेजारणीला तो संदेश मिळाला की तिच्यात जीएटीए६ जिंकतं आणि ती हायपोब्लास्टकडे वळते. म्हणजे बाळाच्या वाटेला लागलेली पेशीच शेजारणीला दुसरी वाट धरायला लावते.

क्लेअर शाझो आणि जॅनेट रोसँट यांनी २००६ मध्ये दाखवलं की दोन्ही प्रकारच्या पेशी पुंजक्यात आधी सरमिसळ विखुरलेल्या असतात आणि मग सरकत सरकत आपापल्या थराला जातात. हायपोब्लास्टच्या पेशी पोकळीलगत रांग धरतात. चुकीच्या ठिकाणी अडकलेली पेशी एकतर बदलते किंवा मरते. २०१०चा प्रयोग तर डोळ्यांत भरणारा आहे. एफजीएफचा संदेश औषधाने अडवला तर पुंजक्यातल्या सगळ्याच पेशी एपिब्लास्ट होतात. एफजीएफ४ भरपूर दिलं तर सगळ्याच हायपोब्लास्ट.

शेजारणींतल्या या देवाणघेवाणीमुळे प्रमाणही राखलं जातं. एपिब्लास्टच्या पेशी कमी पडल्या तर संदेश कमी, मग अजून न ठरलेल्या पेशी तिकडे वळतात. तारकोव्स्कींचं अर्धं भ्रूण पूर्ण उंदीर का होऊ शकलं, त्याचा काही भाग मला इथे दिसतो.

कुळकथा

हे सगळं उंदराचं. माणसात तसंच असतं का? उंदरावरून माणसाबद्दल बोलायची सवय जरा जास्तच झाली आहे असं मला वाटतं.

पेट्रीडिश

@कुळकथा, रास्त शंका. पहिला निर्णय बराच सारखा निघाला. कॅथी निआकन यांच्या गटाने २०२० मध्ये माणूस, गाय आणि उंदीर तिन्हींत एपीकेसी आणि यापची भूमिका तपासली. तिन्हींत अग्रभाग बिघडवला की ट्रोफेक्टोडर्मचा कार्यक्रम अडखळतो. पण जनुकांचं वेळापत्रक वेगळं. माणसात आधी जीएटीए३ दिसतं, सीडीएक्स२ ब्लास्टोसिस्ट झाल्यावर. भ्रूणाची स्वतःची जनुकं कामाला लागतात तीही वेगळ्या वेळी. उंदरात दोन पेशींवर, माणसात चार ते आठ पेशींच्या दरम्यान.

ओसीटी४ या जनुकाचं उदाहरण घ्या. उंदरात ते नसलं तरी ब्लास्टोसिस्ट बनतं, फक्त आतला पुंजका आपला गुण राखू शकत नाही. २०१७ मध्ये लंडनमधल्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमध्ये मानवी भ्रूणांत हे जनुक बंद केलं, तर बरीच भ्रूणं ब्लास्टोसिस्टपर्यंतच नीट पोचली नाहीत आणि ट्रोफेक्टोडर्मचाही गोंधळ झाला. उंदराकडून प्रश्न शिकावेत, उत्तर मात्र माणसात तपासूनच घ्यावं, हे तुमचं म्हणणं योग्यच.

मनीमाऊ

अवांतर होईल, पण तीन रंगांची मांजरं जवळपास सगळी माद्याच असतात, त्याचा या पेशींच्या निवडीशी संबंध आहे का?

शंखपुष्पी

@मनीमाऊ, अवांतर मुळीच नाही. मादीत दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि प्रत्येक पेशीत एक बंद केलं जातं. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली. केशरी आणि काळ्या रंगाचा निर्णय एक्सवर असतो, म्हणून मादीच्या अंगावर ठिपक्याठिपक्याने वेगवेगळा एक्स चालू दिसतो. पांढऱ्याचं कारण वेगळ्या जनुकात आहे.

आपल्या विषयाशी धागा असा. उंदराच्या ट्रोफेक्टोडर्म आणि हायपोब्लास्टमध्ये कायम वडिलांकडून आलेलाच एक्स बंद असतो. एपिब्लास्ट मात्र तो पुन्हा चालू करतं आणि मग प्रत्येक पेशी स्वतंत्रपणे, यदृच्छया एक बंद करते. म्हणजे एपिब्लास्टच्या वाटेला लागलेली पेशी आधीच्या खुणा पुसून नव्याने सुरुवात करते. माणसाच्या वारेत वडिलांचाच एक्स बंद असण्याची ही सक्ती नाही. कुळकथा यांच्या मुद्द्याला आणखी एक दाखला.

कुळकथा

दाखला आवडला. एक शेवटचं. एकदा ठरलं की ठरलं, की पेशीला परत फिरता येतं?

पेट्रीडिश

ते वेळेवर आणि प्राण्यावर अवलंबून आहे. उंदराच्या ब्लास्टोसिस्टच्या बाहेरच्या पेशी प्रतिपिंडांनी मारून आतला पुंजका मोकळा करायची पद्धत सोल्टर आणि बार्बरा नोल्स यांनी १९७५ मध्ये काढली. ब्लास्टोसिस्ट नुकतंच झालेलं असेल तर असा मोकळा पुंजका आपल्या बाहेरच्या पेशींपासून नवं ट्रोफेक्टोडर्म बनवतो. थोडा उशीर झाला की ही क्षमता जाते.

माणसात दार जास्त वेळ उघडं राहतं. पूर्ण फुगलेल्या मानवी ब्लास्टोसिस्टच्या ट्रोफेक्टोडर्म पेशी वेगळ्या करून पुन्हा एकत्र जुळवल्या, तर त्यांतल्या काही आतल्या पुंजक्यातल्या पेशी होऊ शकतात. आणि २०२१ मध्ये दिसलं की एपिब्लास्टच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेशी जुळणाऱ्या मानवी मूळ पेशी (स्टेम सेल्स) योग्य संदेश दिले की ट्रोफेक्टोडर्मकडे वळतात. उंदराच्या तशाच मूळ पेशी सहसा हे करत नाहीत. त्याच मानवी मूळ पेशींपासून ब्लास्टोसिस्टसारखी दिसणारी रचना, म्हणजे ब्लास्टॉइड, त्याच वर्षी अनेक गटांनी बनवली. मानवी भ्रूणं संशोधनाला फार कमी मिळतात आणि ती वापरण्यावर योग्य ती बंधनं आहेत. त्यामुळे भ्रूण गर्भाशयाच्या अस्तराला चिकटण्यात नेमकं कुठे अडतं, हे आता या रचनांवर तपासलं जातंय. आमच्या लॅबमध्ये सगळ्यात जास्त भ्रूणं हातची जातात ती त्याच पायरीवर.